इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीसाठी लाकूड कसं निवडावं?

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनवर जाऊन ‘गिटार बनवायची आहे, लाकूड दाखवा’ म्हटलं, की समोरचा माणूस हमखास सागवानाकडे बोट दाखवतो. “सीपी टीक आहे भाऊ. याच्यावर लाकूड नाही.” सीपी टीक म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं सागवान. दारं-खिडक्यांसाठी त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. बल्लारशा-आलापल्लीच्या सागवानाचं नाव देशभर आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठीही इथूनच साग गेला. पण गिटारच्या बॉडीला लाकडाकडून जे हवं असतं ते दाराला लागत नाही, आणि दाराला जे लागतं त्याचा गिटारला फारसा उपयोग नसतो. घरी पहिली गिटार बांधणाऱ्यांचे पैसे मी याच ठिकाणी वाया जाताना पाहिलेत. लाकडाचं नाव ऐकून खरेदी होते. वजन आणि ओल कोणी पाहत नाही.

पायरी १: आवाज कुठून येतो ते आधी समजून घ्या

तंबोऱ्याचा भोपळा काढून घेतला तर तंबोरा उरत नाही. मिरजेचे कारागीर भोपळा निवडायला एवढा वेळ घेतात, कारण तारेचं कंपन हवेत पोचवायचं काम तो भोपळा आणि त्यावरची तबली करतात. साध्या, म्हणजे अकूस्टिक गिटारचंही तसंच. तिची वरची पातळ फळी हाच तिचा गळा.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही साखळीच वेगळी आहे. तारेखाली पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. ती वीज केबलमधून अ‍ॅम्पला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जाते. लाकडाला चुंबक धरत नाही, त्यामुळे पिकअपला लाकूड ‘ऐकू’ येत नाही. त्याला फक्त तार कळते.

मग लाकडाचं काम काय? तार दोन टोकांना धरलेली असते, एका बाजूला नट, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) टोकाची खाचांची पट्टी, दुसऱ्या बाजूला ब्रिज, म्हणजे बॉडीवरची तारांची टेकण. हे टोक एखाद्या विशिष्ट कंपनाला जरा जरी हललं, तर तारेची ताकद तिथून लाकडात झिरपते आणि तो सूर लवकर विझतो. म्हणजे लाकूड आवाजात भर घालत नाही, तारेतून थोडंसं काढून घेतं. आणि हे काढून घेण्यात बॉडीपेक्षा नेकचा वाटा कितीतरी मोठा असतो, कारण नेक लांब आणि बारीक, तर बॉडी साडेचार सेंटिमीटर जाडीचा ठोकळा.

इतिहासही हेच सांगतो. १९४० च्या सुमारास लेस पॉल यांनी चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले आणि नंतर तो गिटारसारखा दिसावा म्हणून त्याला एका जुन्या गिटारचे दोन अर्धे भाग चिकटवले. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारींची बॉडी हार्डबोर्डची होती. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँग यांची पारदर्शक प्लास्टिकची गिटार आली. या सगळ्या वाजल्या, आणि चांगल्या वाजल्या.

पायरी २: पिकअप आधी ठरवा, लाकूड नंतर

हा क्रम उलटा झाला की पैसे चुकीच्या जागी जातात. तुम्हाला काचेसारखा स्वच्छ, टणटणीत आवाज हवा की जाड, गरगरीत, ते मुख्यतः इथे ठरतं: पिकअप एकेरी कॉइलचा की हंबकर (दोन कॉइलचा), तो ब्रिजपासून किती अंतरावर, तारेपासून किती खाली, व्हॉल्यूमचं पॉट (बटणाखालचा कमी-जास्त होणारा रोधक) २५० के की ५०० के, म्हणजे किती किलोओमचं, तारांचा गेज (जाडी) काय. एकेरी कॉइलला साधारण २५० के आणि हंबकरला ५०० के वापरतात. तेवढ्या एका बदलानेही चमक कमी-जास्त होते. पिकअपचा स्क्रू फिरवून तो एक मिलिमीटर वर-खाली करून पाहा. जो फरक पडेल तो कोणत्याही दोन लाकडांमधल्या फरकापेक्षा सहज कानावर येईल.

तुमच्याकडे ठरावीक रक्कम असेल तर मोठा हिस्सा पिकअप, ब्रिज आणि चांगल्या नेकवर घाला. बॉडीचं लाकूड नागपुरातच, हाताला लागेल ते, फक्त नीट तपासून घ्या.

पायरी ३: वजनाचं गणित करा

आता लाकडाकडे येऊ, कारण इथे लाकडाची निवड खरोखर महत्त्वाची आहे. गिटार तीन तास खांद्यावर असते.

स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची बॉडी आकारमानाने साधारण ४ लिटर भरते. म्हणजे एक लिटर लाकडाचं वजन कळलं की चारने गुणायचं. फेंडरने १९५० मध्ये अ‍ॅश लाकूड घेऊन सुरुवात केली आणि १९५६ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या रंगीत बॉडीला बहुतांशी आल्डर वापरलं. आल्डर लिटरला साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे बॉडी १.८ किलो. गिब्सनने १९५२ च्या लेस पॉलमध्ये महोगनीवर मेपलची टोपी बसवली. ती गिटार जड असते हे वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आपल्याकडची लाकडं याच मापात बसवा. शिवण लिटरला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे थेट आल्डरच्या पंगतीत. तूनचं लाकूड थोडंफार तसंच. सागवान ६५० च्या आसपास, बॉडी २.६ किलो. आंबा बहुतेकदा सागाइतका किंवा त्याहून थोडा जड. शिसम ७८० च्या घरात, बॉडी ३ किलोच्या वर. त्यात नेक आणि लोखंड मिळवा आणि मग ती गिटार उभं राहून वाजवायचा विचार करा. १.८ ते २.३ किलोची बॉडी हे माझं लक्ष्य असतं. फार हलकी बॉडीही नको. मग नेक जड पडते आणि हात सोडला की गिटार डोक्याकडे झुकते.

माझी पहिली पसंती शिवण आहे, हे स्पष्टच सांगते. फिक्कट, पिवळसर, रंध्याखाली लोण्यासारखं जातं, आणि एकदा वाळलं की फारसं हलत नाही. आपल्या भागात ते फर्निचरला दुय्यम मानतात, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. सागवानच हवं असेल तर बॉडीत आतून कप्पे कोरा. चारपाचशे ग्रॅम सहज उतरतात.

पायरी ४: आरा मशीनवर काय पाहायचं

मोजपट्टी आणि हातात धरायचा वजनकाटा सोबत न्या. साडेतीन फूट लांब, ७ इंच रुंद, २ इंच जाड फळी शोधा. तिचे दोन तुकडे शेजारी चिकटवले की बॉडी निघते. अशी फळी सुमारे ९.६ लिटर भरते. काट्यावर ४.७ किलो दाखवलं तर लिटरला ४९० ग्रॅमच्या जवळ, घ्यायला हरकत नाही. तेवढीच फळी ६.३ किलो भरली तर ती सागाच्या वजनाची आहे, किंवा हलक्या लाकडाचीच पण ओली आहे.

ओली असण्याची शक्यता कधीच सोडू नका. मी एकदा आंब्याची देखणी फळी आणली. विकणारा म्हणाला, “दोन वर्षं झाले ना वाळून राहिलं.” मी विश्वास ठेवला. एप्रिलमध्ये बॉडी कापली, मे महिन्यात एका सकाळी पाहिलं तर ब्रिजच्या जागेपासून काठापर्यंत नख जाईल एवढी भेग. पाठ काठाकडून उचलली गेली होती, सपाट फरशीवर ठेवली तर डुलत होती. आठ दिवसांची मेहनत होती ती.

तेव्हापासून मी फळी गालाला लावून पाहते. ओलं लाकूड गार लागतं. टोकाच्या बाजूला केसासारख्या भेगा दिसतात का ते पाहते. बोटाच्या पेराने ठोकते, पण ‘सूर’ ऐकायला नाही. चांगली फळी स्वच्छ वाजते. आत चीर किंवा पोकळी असेल तर ठोका मधेच मरतो. ठोकून गिटारचा आवाज ओळखता येतो असं सांगणारे भेटतील; त्यावर पैसे लावू नका. गाभ्याभोवतीचा पांढरट भाग टाळा, त्याला कीड लवकर लागते. गाठी नेकच्या सांध्यापासून आणि ब्रिजपासून लांब असाव्यात. बाकी ठिकाणी गाठ असली तर आवाजाचं काही बिघडत नाही.

महाल-इतवारीतले जुने वाडे पडतात तेव्हा तिथलं सागवान विकायला येतं. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड, यापेक्षा स्थिर काही मिळणार नाही. फक्त कापण्याआधी जाड चुंबक पूर्ण फळीवर फिरवा. आत तुटलेला खिळा राहिला असेल तर राउटरचं (खाचा कोरायच्या यंत्राचं) पातं जाईल आणि तुकडा डोळ्याकडे उडेल.

पायरी ५: वाळवा आणि वजन लिहून ठेवा

फळी घरी आणली की दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट लावा, म्हणजे टोकाकडून घाईने ओल जाऊन भेगा पडणार नाहीत. खाली पट्ट्या ठेवून आडवी ठेवा, हवा सगळीकडून लागली पाहिजे. गच्चीवरचं ऊन नको, आणि कूलरची खोली तर अजिबात नको.

दर रविवारी वजन करा आणि फळीवरच पेन्सिलने तारखेसह लिहा. सलग चार रविवार आकडा तोच राहिला की लाकूड तयार. माझ्या शिवणच्या फळीवर अशा अकरा नोंदी आहेत. बॉडी पॉलिश करताना त्या मिटवायला मन होईना, म्हणून मागच्या झाकणाखाली त्यातली शेवटची ठेवली आहे.

चिकटवण्याचं काम दिवाळीनंतर करा. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड कडकडीत सुकतं आणि ऑगस्टमध्ये हवेतली ओल पिऊन फुगतं; हिवाळ्यात ते या दोन्हींच्या मधे असतं.

पायरी ६: सांधे

दोन्ही काठ रंध्याने असे करा की एकमेकांवर ठेवून उजेडात धरल्यावर मधून प्रकाश दिसू नये. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या लगेच आधी काठ अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर सांधा वर्षभराने सुटतो. सागाची आणि शिसमाची धूळ छातीला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावाच. शिकंजे आवळताना सगळा डिंक पिळून बाहेर येईल इतकं आवळू नका. दोन तुकड्यांऐवजी तीन तुकड्यांची बॉडी केली तरी आवाजाला काही होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ नेकच्या खाचेवर घालवा. बोल्ट न लावता, नेक नुसती खाचेत बसवून गिटार उचलली तर ती सुटून पडू नये, इतकी घट्ट खाच हवी. तळ सपाट हवा आणि रंगाचा थर तिथे नको. लाकडाच्या जातीबद्दल तासन्‌तास बोलणारे लोक इथे कागदाच्या घड्या कोंबून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

पायरी ७: फरक स्वतः ऐकून पाहा

मी सागाची एक आणि शिवणची एक, अशा एकाच मापाच्या दोन बॉडी केल्या. तीच नेक, तेच पिकअप, तोच ब्रिज, नव्या तारांचे सारखे सेट. पिकअपची उंची दोन्ही वेळा नाण्यांची चळत लावून मोजली. अ‍ॅम्प न वापरता सरळ कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग केलं. भाच्याला पाठमोरं बसवून ऐकवलं. “मावशी, हा साग,” तो ठामपणे म्हणायचा. कधी बरोबर निघायचं, कधी चूक. केबल काढून, बॉडी पोटाशी धरून वाजवली तेव्हा मात्र दोघांनाही फरक लगेच कळला. साग छातीत गुणगुणतो, शिवण बरगडीला थरथरते. हे वाजवणाऱ्याला मिळतं, आणि वाजवणं त्यावरही अवलंबून असतं. म्हणून मी त्याला कमी लेखत नाही.

एक गोष्ट दोन्ही बॉडींवर सारखीच होती. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा (नेकवरच्या सातव्या पडद्याचा) सूर लवकर विझत होता. नेकच्या डोक्याला छोटा शिकंजा लावला तर तो सूर सुधारला आणि विझणारी जागा शेजारच्या फ्रेटवर सरकली. तुमच्याकडेही असा सूर सापडला तर बॉडीला दोष देण्याआधी शिकंजा लावून पाहा.

रंग चढवल्यावर गिटार आठवडाभर टांगून ठेवा आणि मग तारा चढवा. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की तारांची उंची पुन्हा मोजा. नेक थोडी हललेली असेल. ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईला) पाव वेढा, एक रात्र थांबायचं, मग पुन्हा मोजायचं.