ऊसतोडीच्या फडावर संशोधनाच्या नोंदी घ्यायला निघताना

वही, दोन पेनं, बॅटरी, पाणी. हे सांगायला नको. वही खिशात मावेल अशीच घ्या. डोक्यावर मोळी असलेल्या माणसासमोर लॅपटॉप उघडलात तर तो बोलणार नाही, नुसती उत्तरं देईल. संमती ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याकडूनच घ्या. टोळी आणणाऱ्या मुकादमाने ‘हो’ म्हटलं ते पुरत नाही. त्याची उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस त्याच्यादेखत नाही म्हणत नसतो.

आता खरं काम. प्रत्येक पानावर उभी रेघ मारा, घरीच, निघण्याआधी. डावीकडे दिसलं-ऐकलं ते. उजवीकडे तुम्ही स्वतः: काय वाटलं, काय गृहीत धरलं, कुणाबरोबर आलात, लोकांनी तुम्हाला कोण समजलं. पहिल्या खेपेला मी ही उजवी बाजू ठेवलीच नव्हती. वहीत लिहिलं, ‘बाई मुकादमाला घाबरते, गप्प बसली.’ सहा महिन्यांनी लिहायला बसले तेव्हा कळलं, मी पाहिलं होतं ते फक्त गप्प बसणं. घाबरणं मी घातलं होतं. त्या दिवशी मी कारखान्याच्या गाडीतून उतरले होते, तेही कुठे नोंदलं नव्हतं. मग ती मुकादमापुढे गप्प होती की माझ्यापुढे? हंगाम संपून टोळी गावी परतलेली, विचारणार कुणाला? प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकावं लागलं.

म्हणून रेघ मारा. आणि उजवी बाजू त्याच रात्री भरा, झोपण्याआधी. पाच ओळी चालतील, ‘उद्या भरते’ चालणार नाही; तोड पहाटेच सुरू होते आणि कालचं पुसून जातं. ‘वाईट वाटलं’ एवढंच लिहू नका. कशाने, कुठल्या क्षणी, ते लिहा. शेवटच्या ओळीत उद्या काय बदलायचं तेही. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या रात्री मी उजवीकडे लिहिलं, ‘फक्त पुरुषांशीच बोलतेय.’ दुसऱ्या दिवशी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसले. एक म्हणाली, कोयता म्हणजे आम्ही दोघं, पण उचल येते त्याच्याच हातात. (तोडीला धरलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात.) रेघ नसती तर हे माझ्या कानावरच आलं नसतं.

लोकांचे शब्द तसेच ठेवा, प्रमाण मराठीत घालू नका. फोटो विचारून. नावं बदला, गावंही. घरी आल्यावर टाइप करा, दोन प्रती. आठवड्याने उजवी बाजू वाचून आता काय वाटतं ते वेगळ्या शाईत, तारीख घालून लिहा. जुनं खोडू नका.

निघण्याआधी वही उघडून बघा. रेघ मारलीय का?