‘मग देवाला कुणी केलं?’ : ताटावर हा वाद घालायची रीत

लातूरला ट्यूशनच्या पोरांची मेस चालवते. एम.ए. तत्त्वज्ञानात केलं, नोकरी काही लागली नाही, मग भाकऱ्या थापायला घेतल्या. रविवारी रात्री पिठलं-भाकरी असते, पोरं निवांत असतात आणि कुणीतरी हमखास काडी टाकतं, “जग देवानं केलं, तर देवाला कुणी केलं?” तुमच्याही घरी हा वाद पेटत असेल, तर मी तो कसा चालू देते ते सांगते.

आधी वाक्य बैजवार ऐका. “प्रत्येक गोष्टीला कारण असतं” असं कुणी म्हटलं, की तिथंच अडवा. प्रत्येक म्हटलं की देवही आलाच, वाद पहिल्या घासालाच बुडाला. जाणत्यांनी तसं म्हटलेलं नाही. इस्लामी विचारवंत अल-गझाली (मृत्यू ११११) म्हणतो, ज्याला सुरुवात आहे त्याला कारण हवं. आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे पंडित, उदयनाचार्य म्हणतात, जे कार्य आहे त्याला कर्ता हवा. घडा दिसला की कुंभार मानावा लागतो. आता पोरांना विचारा, जगाला सुरुवात आहे का? आणि जग घड्यासारखं आहे, हे कशावरून?

इथं फिजिक्सवाला महास्फोट काढतोच. काढू द्या. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट आणि तापलेलं होतं, तेव्हापासून पसरतंय. त्याआधी काहीच नव्हतं, असं मात्र ते गणित सांगत नाही. ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. तरी १९५१ साली पोपनी त्यात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा त्याला ते रुचलं नाही.

कर्ता न मानणं हे परदेशी खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला गावाची आठवण द्या. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. त्यांच्यातल्या अमोघवर्षाला पूज्य असलेले जैन आचार्य जिनसेन नवव्या शतकात विचारतात, जग घडवायचं सामान देवानं कुठून आणलं? ते आपोआप होतं म्हणाल, तर जगच आपोआप आहे म्हणायला काय हरकत? माझी पोरं तेच विचारतात, फक्त उष्ट्या हातानं.

मग कारणांच्या साखळीवर या, याच्यामागं ते, त्याच्यामागं आणखी काही. माझ्या मते खरी गंमत इथंच आहे. साखळ्या दोन तऱ्हेच्या. आजोबा वारले तरी बापाला पोरं होतात, म्हणून ती साखळी मागं कितीही लांबवा. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास, त्यालाही, जगाला सुरुवात होती हे नुसत्या तर्कानं सिद्ध होत नाही, असंच वाटे. दुसऱ्या साखळीत आधार आत्ता, या घटकेला लागतो. ती समजवायला मी २०१६ च्या दुष्काळातली पाण्याची रेल्वे काढते. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली खेप आली, दहा वाघिणी (मालगाडीचे डबे), पाच लाख लिटर. वाघीण वाघिणीला ओढते हे खरं. पण इंजिन न लावता नुसत्या वाघिणीच जोडत गेलो, तर पाणी लातूरला पोचेल का?

देववाली पोरं खूश होतात. त्यांना फार वेळ खूश राहू देऊ नका. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचा मुद्दा ठेवा. १९४८ साली बीबीसी रेडिओवर कोपल्स्टन या धर्मगुरूशी बोलताना तो म्हणाला होता, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं नाही.

माझं रेल्वेचं उदाहरण एका अकरावीच्या पोरानं मोडलं. “काकू, गाडी आधीपासूनच पळत असली तर? न्यूटनचा पहिला नियम. इंजिन कशाला पाहिजे?” मला उत्तर सुचलं नाही. त्याला एक भाकरी जास्त वाढली.

तेव्हापासून मी शिंक्याचं उदाहरण देते. शिंकं आकड्याला, आकडा आढ्याला, आढं भिंतीवर, भिंत जमिनीवर. यात पळणं नाही, नुसतं टेकणं आहे. कुठंतरी शेवटचा आधार लागणारच, असं म्हणून मी ऐटीत वरण वाढायला उठले.

“पण काकू,” मागून तोच आवाज, “जमीन कशावरच टेकलेली नाही.”