मोट ते बोअरवेल : गावातील बदलाची नोंद कशी करावी

शेतीतील नव्या साधनाने समाज आणि परिसर कसा बदलतो, हे आपल्याच गावात तपासायचे असेल, तर एकच साधन धरून त्याचा माग घ्यावा. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पठारावर त्यासाठी पाण्याचा उपसा हा सर्वांत सोयीचा धागा आहे.

आरंभ जुन्या विहिरीपासून करावा. विहीर दोन मोटांची (बैलांनी ओढायच्या चामड्याच्या पोहऱ्यांची) होती की चार, हे धावा (बैल ये-जा करीत तो उतार) आणि थारोळी (मोटेचे पाणी ओतले जाई ती कुंडे) शाबूत असल्यास मोजून कळते. मग मोट हाकलेल्या वृद्धांना विचारावे, की दिवसभरात किती रान भिजे, बैल कोणाचे असत, मोट कोण शिवून देई आणि त्याला बलुते किती मिळे. ‘काय बदलले?’ असे मोघम विचारल्यास ‘पूर्वी सगळे चांगले होते’ हे ठरलेले उत्तर मिळते.

इंजिन आणि विजेचा पंप कोणत्या वर्षी आला, हे त्यानंतर नोंदवावे. मोटेचा उपसा बैलांच्या दमाने मर्यादित राही; पंपाला ती मर्यादा नव्हती, आणि जिथे विजेची आकारणी पंपाच्या अश्वशक्तीवर होई तिथे तो जास्त वेळ चालवल्याने बिल वाढत नसे. ऊस वाढला, बैल घटले, त्यांच्याबरोबर शेणखत घटले आणि सामाईक विहिरींवरील पाणीपाळ्या मोडल्या, हे आपल्या गावात कोणत्या क्रमाने घडले ते पाहावे.

बोअरवेलचा भाग अधिक बारकाईने तपासावा. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत असते, त्यामुळे एका खोल बोअरमुळे शेजारच्या विहिरी आटू शकतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने सिंचनाच्या बोअरवेलवर आणि ऊस-केळीवर बंदी घातली. आपल्या गावात असा काही नियम होता का, आणि तो कोणी मोडला, हेही विचारावे, जरी उत्तर सहजी मिळणार नाही.

कागदांपैकी गाव नमुना १२ चे, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या नोंदवहीचे, वर्षवार उतारे पाहावेत. त्यात पिकांबरोबर सिंचनाचे साधनही असते. पूर्वी ही नोंद तलाठी करी; २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतात, म्हणून आधीच्या आकड्यांशी थेट तुलना टाळावी.

पाणी भरणाऱ्या बायकांशी मात्र वेगळे बोलावे. आड कधी आटला याचे साल त्या सांगणार नाहीत कदाचित, पण तेव्हा कोणते मूल कडेवर होते हे सांगतील; त्या मुलाच्या जन्मसालावरून हिशेब करावा.