डेस्कटॉप टीव्हीला जोडताय? या चुका टाळा

टीव्हीवर चित्र आलं की बहुतेक जण काम झालं म्हणून उठतात. मग दोन दिवसांनी तक्रारी सुरू होतात: अक्षरं फिकट दिसतात, टास्कबार अर्धा कापला जातो, माउस अडखळतो, आवाज टेबलावरच्या स्पीकरमधूनच येतो. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो आणि नवी केबल घरी येते. केबल दोषी असतेही, पण बऱ्याचदा गोंधळ कुठल्या पोर्टात ती खोचली आणि दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये काय निवडलं, यात असतो.

केबल चुकीच्या पोर्टात

सीपीयूच्या मागे एचडीएमआय दोन ठिकाणी असू शकतं. यूएसबी आणि लॅनच्या ओळीत असतं ते मदरबोर्डचं. त्याच्या खाली, आडव्या पट्टीत तीन-चार पोर्ट असतात ते ग्राफिक्स कार्डचे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची. कार्ड दिसलं की अनेक मदरबोर्ड स्वतःचा डिस्प्ले पोर्ट बंद ठेवतात, त्यामुळे वरच्या पोर्टात लावली की ‘नो सिग्नल’.

कार्ड नसेल तर प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ आहे (उदाहरणार्थ आय 5-12400 एफ), त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन 5 5600 मध्येही नसतं. अशा मशीनच्या मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट असला तरी तो शोभेचाच. असेंबल्ड मशीन घेताना हे विचारायचं राहून जातं.

कार्डावर फक्त डिस्प्लेपोर्ट मोकळा असेल तर ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ केबल चालते, पण ती एकाच दिशेने. ‘एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट’ ही वेगळी वस्तू आहे. दिसायला सारखी, इथे निरुपयोगी. जुन्या मशीनला फक्त व्हीजीए (जुना व्हिडिओ पोर्ट) असेल तर साध्या वायरने भागत नाही, यूएसबीवर चालणारा कन्व्हर्टर लागतो आणि आवाजासाठी 3.5 मिमीची वायर वेगळी जोडावी लागते.

केबलची लांबी आणि भिंतीतला पाइप

4के चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायला 18 गिगाबिट लागतात. दोन-तीन मीटरची बरी केबल ते आरामात नेते. पाच मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलवर भरवसा ठेवू नका: आधी पांढरे ठिपके चमकतात, मग चित्र क्षणभर जाऊन परत येतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत केबल घेताना वेष्टणावरच्या ‘8के’ या मोठ्या अक्षरांना भुलू नका. ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लेबल आणि त्यावरचा स्कॅन करता येणारा कोड बघा. पहिलं 18 गिगाबिटसाठी, दुसरं 48 साठी. 4के 60 साठी पहिलं पुरतं, उगाच जास्त पैसे घालू नका.

अभ्यासाच्या खोलीतून हॉलपर्यंत 10 मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल (आत काचेचा धागा असलेली) एचडीएमआय केबल घ्या. तिची एक बाजू ‘सोर्स’ आणि दुसरी ‘डिस्प्ले’ असते. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि फॉल्स सीलिंगमधून ती पुन्हा बाहेर काढावी लागते, म्हणून ओढण्यापूर्वी जमिनीवरच जोडून तपासा. प्लगचं प्लास्टिक साधारण 20 मिमी रुंद असतं. बिल्डरने भिंतीत घातलेला पाइप 20 किंवा 25 मिमीचा असेल तर ते वळणावर अडकतं. ऑप्टिकल केबल जोर लावून ओढली किंवा काटकोनात मुडपली तर आतला धागा तुटतो. ती लाइटच्या वायरींच्या पाइपातूनही नेऊ नका.

टीव्हीकडची बाजू

सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. काही टीव्हींवर एखाद्याच पोर्टाशेजारी ‘4के 60’ असं लिहिलेलं असतं, तोच वापरा. शिवाय अनेक टीव्ही पूर्ण वेग आपणहून देत नाहीत. तो मेन्यूत, त्या पोर्टापुरता सुरू करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणतात. हे बंद असलं की 4के फक्त सेकंदाला 30 वेळा, म्हणजे 30 हर्ट्‌झवर मिळतं आणि माउस तुटक चालतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये 30 दिसतंय की 60, ते बघा. मदरबोर्डचं एचडीएमआय जुन्या 1.4 आवृत्तीचं असेल तर मात्र 4के 30 च्या पुढे जाणार नाही. अशा वेळी 1080 (फुल एचडी) वर 60 हर्ट्‌झ घेणं जास्त सुखाचं.

टास्कबार कापला जात असेल तर विंडोजचं रिझोल्यूशन कमी करू नका, तो उपाय नव्हे. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राची कड चौकटीमागे लपवायची पद्धत होती आणि काही टीव्ही अजून ती पाळतात. रिमोटवरून पिक्चर साइझमध्ये जा: एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’. कड जागेवर येते आणि अक्षरंही ताठ होतात, कारण टीव्ही चित्र ताणायचं थांबवतो.

अक्षरं फिकट का दिसतात

हा सगळ्यात चिवट दोष. सिनेमासाठी रंगाची माहिती कमी करून पाठवली तरी डोळ्याला कळत नाही, पण बारीक अक्षरांच्या कडा त्यात फुटतात. तपासणी सोपी आहे: काळ्या पार्श्वभूमीवर छोट्या लाल अक्षरांत काहीतरी लिहा. कडा पसरलेल्या, पुसट दिसल्या तर रंगाची काटछाट होतेय.

टीव्हीच्या इनपुट यादीत त्या पोर्टाचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करा. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एवढ्यानेच अक्षरं सुधारतात. मग ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आरजीबी किंवा 4:4:4 निवडा; या दोन्हींत रंगाची काटछाट होत नाही. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते आणि लोक तिलाच स्पष्टपणा समजतात. एचडीएमआय 2.0 वर 4के 60 सोबत एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारी पद्धत) सुरू केलं तर रंग अनेकदा काटछाटीच्या 4:2:2 वर घसरतो. म्हणून टॅली किंवा एक्सेलच्या कामाला एचडीआर बंदच बरं.

काळ्या-पांढऱ्याची पातळी पाठवायच्या दोन पद्धती असतात, ‘लिमिटेड’ आणि ‘फुल’. काळा रंग राखाडी दिसत असेल तर कार्ड ‘लिमिटेड’ आणि टीव्ही ‘फुल’ धरून बसलाय. उलट असेल तर अंधारातले तपशील काळ्यात बुडतात. दोन्हीकडे एकच ठेवा, शक्यतो फुल.

32 इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचं पॅनेल मात्र बहुतेक 1366×768 चं असतं. त्यावर 1080 पाठवलं तर अक्षरं थोडी फुटणारच. 1366×768 मिळतं का बघा. नाही तर त्या टीव्हीवर सिनेमा बघा, हिशेब नको.

आवाज

टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, मग आवाजाच्या पट्टीजवळचा बाण दाबून यादीत टीव्हीचं नाव निवडा. नाव नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसवलेला नाही; एचडीएमआयचा आवाज त्याच्यासोबतच येतो. डीव्हीआय या जुन्या व्हिडिओ पोर्टावरून नेलं असेल तर बहुतेक वेळा आवाज येत नाही.

अर्थिंग

हे कोणी सांगत नाही आणि पोर्ट जळतात ते अनेकदा यामुळेच. सीपीयूच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट अर्थिंगकडे सोडतो. पेठांमधल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनला काही जोडलेलंच नसतं किंवा एक्स्टेंशन बोर्डच दोन पिनचा असतो. मग तो करंट पत्र्यावर साचतो, हात लावला की मुंग्या येतात. टीव्हीला केबलवाल्याची वायर लागलेली असेल तर ती गच्चीवर कुठेतरी अर्थला टेकलेली असते. तुम्ही चालू मशीनमध्ये एचडीएमआय खोचता आणि त्या क्षणी दोन्हीकडच्या फरकाचा करंट त्या छोट्या पिनांतून वाट काढतो.

म्हणून जोडताना सीपीयू आणि टीव्ही दोन्ही बंद ठेवून प्लगसुद्धा काढा. सीपीयू चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावून दिवा लागला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला नाही म्हणा. न्यूट्रल तुटला की पूर्ण पत्र्यात करंट उतरतो. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की केबलवाल्याची वायर टीव्हीपासून काढून ठेवा.

शेवटचे दोन घोटाळे

विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबली की चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये मॉनिटर आणि टीव्ही दोघांनाही जमेल असं रिझोल्यूशन घेतलं जातं, म्हणून 4के टीव्हीही 1080 वर येतो. फक्त टीव्ही हवा असेल तर ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घ्या. टीव्ही उशिरा लावल्यामुळे चित्र येत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा; ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, मशीन रीस्टार्ट करावं लागत नाही.

सोफ्यावरून वायरलेस कीबोर्ड अडखळत असेल तर सेल बदलण्याआधी डोंगल (कीबोर्डचा यूएसबी रिसीव्हर) मागच्या निळ्या यूएसबी 3 पोर्टातून काढा. त्या पोर्टाचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्‌झवर पडतो. एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशनने डोंगल कॅबिनेटच्या पुढे आणलात की बहुतेक वेळा कीबोर्ड सुरळीत चालतो.