शेल्टरमधल्या प्राण्याची पाठवणी कशी करावी

दत्तक दिलेला कुत्रा आठवड्याभरात परत येतो. 'जमलं नाही हो,' एवढंच कारण मिळतं. खोलात गेलं की कळतं, माणूस नजरेआड झाला की हा दार ओरबाडतो, आणि रोज सकाळी पिंजरे धुणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फॉर्मवर कुणी लिहिलं नाही, फोनवर कुणी बोललं नाही. चुकीचं घर फार महागात पडतं. प्राणी दुसऱ्यांदा बावरतो, पिंजरा पुन्हा अडतो आणि ते कुटुंब परत शेल्टरची पायरी चढत नाही. म्हणून इथे सगळा भर माहितीवर आहे. औषधपाण्याचं तेवढं आधी उरकून घेऊ.

आल्या दिवसापासून

पहिलं काम चिप तपासायचं, म्हणजे मालकाची ओळख पटवणारा नंबर असलेली, कातडीखाली बसवलेली इवलीशी चकती. स्कॅनर खांद्यांच्या मधोमध फिरवून थांबू नका. चिप सरकते, मानेच्या बाजूला जाते, कधी पुढच्या पायाच्या कोपरापाशी सापडते. यंत्र अंगाला टेकवून सावकाश, नागमोडी फिरवा. चिप निघाली नाही तरी जुन्या मालकासाठी तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे जितके दिवस थांबायचं तितके थांबा.

लस आल्या दिवशीच. शेल्टरमध्ये पिल्लांना चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून सुरुवात करतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी, ती १६ ते २० आठवड्यांची होईपर्यंत डोस देत राहतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीचा परिणाम होऊ देत नाही आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून एवढे डोस. 'एक इंजेक्शन झालंय' म्हणजे लसीकरण झालं असं नव्हे, हे घरी नेणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि पुढची तारीख कार्डावर लिहून द्या. जंतांचं औषधही एकदा देऊन भागत नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

नव्या प्राण्याला १४ दिवस वेगळं ठेवा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराची लक्षणं साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात, कधी दोन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू सहाव्या दिवशी रक्ताची हगवण लागून आडवं पडू शकतं. तोवर ते कुणाच्या घरी गेलेलं असेल, तर त्या घरात पुढे वर्षभर तरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणणं धोक्याचं, कारण हा विषाणू फरशीच्या फटीत आणि मातीत टिकून राहतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. जागा आधी साबणाने घासून घाण काढा. मग एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली साधं घरगुती ब्लीच घालून ते मिश्रण पसरा, १० मिनिटं ओलं राहू द्या आणि स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. घाणीवरच ओतलेलं ब्लीच वाया जातं. मिश्रण रोज ताजं करा.

नसबंदी शेल्टरमधून निघण्याआधीच. 'नंतर नक्की करून घेऊ' हे वचन मनापासून दिलेलं असतं, पण मांजर चार महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते. हाताला सवय असलेला डॉक्टर दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या तब्येतशीर पिल्लाचीही शस्त्रक्रिया करतो. आठ आठवडे पुरे व्हायच्या आत पिल्लू आईपासून तोडून देऊ नये. कुणी कितीही गळ घातली तरी.

स्वभावाची नोंद

पिंजऱ्यातला कुत्रा आणि घरातला कुत्रा यांत कमालीचा फरक असतो. जाळीवर झेपावून भुंकणारा बाहेर पट्ट्यावर आला की शांत चालतो. कोपऱ्यात गप्प बसलेला, 'किती गुणी' वाटणारा, खरं तर भीतीने गोठलेला असतो आणि तीन आठवड्यांनी घरात धीर आला की त्याचे रंग दिसू लागतात. जेवणाच्या भांड्यात खोटा हात घालून बघण्यासारख्या एखाद्या परीक्षेवरून शिक्का मारू नका. तिथे गुरगुरलेले कितीतरी कुत्रे घरी गेल्यावर तसं काहीच करत नाहीत.

नोंद तीन ठिकाणांहून जमवा: सोडून जाणारा मालक, रोज खाऊ घालणारा माणूस आणि फॉस्टर, म्हणजे प्राण्याला तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणारा. सोडून जाणाऱ्यावर डाफरलात तर तो 'घर बदलतोय' एवढंच म्हणून निघून जाईल. 'याच्यासाठी योग्य घर शोधायचंय, तुमची मदत लागेल' असं म्हटलं की बोलतो. कुणाला चावलाय का, रात्री कुठे झोपतो, पावसात बाहेर जातो का, लहान मुलांबरोबर प्रत्यक्ष राहिलाय की नुसतं लांबून बघितलंय, हे विचारून घ्या. फॉस्टरकडे एक-दोन रात्री काढल्या तरी बरंच कळतं. घराबाहेर ५, मग २०, मग ६० मिनिटं जायचं आणि मागे फोनचा कॅमेरा चालू ठेवायचा. पहिल्या अर्ध्या तासात तो दाराशी येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो की वळकटी करून झोपतो, हे ज्याला दिवसभर नोकरीला जायचंय त्याला फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

लिहिताना शिक्के नकोत, जे दिसलं ते लिहा. 'आक्रमक' या शब्दातून काहीच हाती लागत नाही. 'जेवताना दुसरा कुत्रा हातभर अंतरावर आला तेव्हा गुरगुरला, माणूस आला तेव्हा शेपटी हलवली' यातून घर ठरवता येतं. मांजरीच्या बाबतीत घाई करू नका. लपायला खोका द्या, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग लिहा. फिस्कारणं बहुतेकदा भीतीचं असतं.

फोटो आणि मजकूर

फोटोसाठी जमिनीवर बसा, कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय बारीक आणि नजर केविलवाणी दिसते. फ्लॅश बंद. मागे जाळी, गटार, पायपुसणं येऊ देऊ नका. काळा प्राणी सावलीत, उघड्या आभाळाच्या मंद उजेडात काढा आणि मागे फिकट रंग ठेवा; भर उन्हात तो नुसता काळा ठिपका होतो. एक फोटो डोळ्यांचा, एक पूर्ण अंगाचा, एक माणसाशेजारी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पंधरा-वीस सेकंदांचा पट्ट्यावर चालतानाचा व्हिडिओ असला की 'खूप ओढतो का हो?' हा फोन येत नाही.

आता मजकूर. नेहमी दिसतो तो असा:

'या निष्पाप जिवाला कुणीच नाही. माणसांनी याला फेकून दिलं. याला तुमच्या प्रेमाची गरज आहे. कृपया शेअर करा!!'

शेअर खूप होतात, फोन येतात ते दया आलेल्या माणसांचे. दया पहिल्या ओल्या गादीपर्यंत टिकते. त्याच कुत्र्यासाठी हे वाचून बघा:

'तांबू. नर, अंदाजे ३ वर्षं, १८ किलो. नसबंदी झाली, लसी पूर्ण. सकाळी पाऊण तास चालला की दुपारभर झोपतो. पट्टा पहिली दहा मिनिटं ओढतो, मग सरळ चालतो. हाक मारली की येतो, समोर मांजर असेल तर येत नाही. एकटा चार तास राहून झालाय, त्यापुढचं अजून बघितलेलं नाही. फटाक्यांच्या आवाजाला पलंगाखाली जातो. मांजर नसलेलं घर हवं. मोठी मुलं चालतील. रांगत्या मुलांबरोबर राहिलेला नाही.'

फोन कमी येतील. पण जो येईल तो 'आम्ही सकाळी फिरायला जातोच' असं म्हणत येईल. 'फक्त खऱ्या प्राणिप्रेमींनीच फोन करावा', 'भाडेकरूंनी विचारू नये' अशा दमदाटीच्या ओळी काढून टाका. त्या वाचून चांगला माणूसच बिचकतो. बाकीचे बिनधास्त फोन करतात. वयस्क प्राणी असेल तर वय लपवू नका, आणि जोडीने वाढलेले दोघं असतील तर फोटोही दोघांचा एकत्रच टाका.

फोनवर

हो-नाहीची उत्तरं येतील असे प्रश्न विचारू नका. 'घरातल्या सगळ्यांची तयारी आहे ना?' याला प्रत्येक जण 'हो' म्हणतो. त्याऐवजी विचारा: 'तुमच्याकडे सकाळी सातला काय चाललेलं असतं? याला बाहेर कोण नेईल?' 'तुम्ही गावाला गेलात तर हा कुणाकडे राहील?' 'आधीचा प्राणी कशाने गेला?' शेवटचा प्रश्न हळू आवाजात विचारायचा. उत्तरात डॉक्टरांचा उल्लेख येतो का ते ऐकायचं.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी बघा. तोंडी 'चालेल' वर दिलेले प्राणी परत येतात. घर लहान आहे किंवा अंगण नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. अंगणात बांधून ठेवलेल्या कुत्र्यापेक्षा दोन वेळा फिरणारा फ्लॅटमधला कुत्रा सुखी असतो. घर बघायला जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर खिडक्या, गॅलरी आणि फाटक दाखवायला सांगा. मांजरीसाठी जाळी नसलेली गॅलरी म्हणजे काम बाकी आहे असं समजा. जाळी बसली की या, तोवर ती तुमच्यासाठी राखून ठेवतो, असं सांगितलं तर लोक बसवतात.

चावल्याचा इतिहास, जुनाट आजार, कायमची गोळी, हे फोनवरच सांगून टाका. भेटीनंतर जीव जडलेला असतो, मग माणूस ऐकतो पण मनावर घेत नाही. घेऊन जायच्या आत कुणाला चावला असेल तर रेबीजसाठीचे १० दिवसांचे निरीक्षण पूर्ण झाल्याशिवाय प्राणी हलवायचा नाही.

भेट

घरात आधीचा कुत्रा असेल तर त्यालाही आणायला सांगा, पण दोघांना पिंजऱ्यासमोर नाकाला नाक लावून उभं करू नका. मोकळ्या, दोघांनाही परक्या असलेल्या जागी दोन माणसांनी दोघांना समांतर चालवावं, सुरुवातीला आठ-दहा मीटर अंतर ठेवून. पट्टे सैल हवेत. ताणलेला पट्टा कुत्र्याला 'काहीतरी धोका आहे' असंच सांगतो, आणि निम्मी भांडणं तिथे सुरू होतात. अंग सैल, शेपटी मोकळी, वाटेत वास घेणं चाललंय, म्हणजे अंतर कमी करा. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली दिसली तर कमान करून वळवा आणि पुन्हा लांबून सुरू करा. तीन सेकंद वास घ्यायला पुरतात, मग हाक मारून पुढे चला. वीस मिनिटांत काहीच वाईट घडलं नाही एवढं पुरे. लगेच खेळायला हवेत असं नाही.

मांजरीची मांजरीशी अशी भेट कधीच घडवू नका. तिला घरी वेगळ्या खोलीत ठेवायचं, अंथरुणाच्या फडक्यांची अदलाबदल करून वासाची ओळख करून द्यायची, मग दाराच्या फटीतून बघू द्यायचं. याला आठवडे लागतात.

पाठवणी

कुत्रे सगळ्यात जास्त पळतात ते पहिल्या काही दिवसांत: गाडीचं दार उघडताना, फाटकाशी, घाबरून मागे सरकत पट्ट्यातून मान काढून. म्हणून गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्टा) दोन्ही घाला, दोघांना वेगवेगळा पट्टा लावा. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. मांजर कडीच्या पेटीतूनच द्यायची, हातात धरून कधीच नाही.

चिपचा १५ आकडी नंबर घेणाऱ्याच्या नावावर त्याच्यासमोरच नोंदवा. चिप आहे पण नोंद अजून शेल्टरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर, ही चूक कुत्रा हरवल्याशिवाय लक्षातच येत नाही.

सोबत चार-पाच दिवस पुरेल इतकं सध्याचं खाणं द्या. नवं खाणं सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्यायचं, नाहीतर जुलाब होतात आणि घरचे घाबरून 'आजारी दिलात' म्हणून फोन करतात. जिथे झोपायचा तो न धुतलेला कपडाही द्या. करारात एक ओळ ठळक हवी: सांभाळणं शक्य नसेल तर प्राणी परस्पर कुणाला न देता शेल्टरकडेच परत द्यायचा.

घरच्यांना तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगा: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घराची वेळ-काळ कळते, तीन महिन्यांत रुळतो. पहिल्या आठवड्यात पाहुणे, आंघोळ, पार्टी नको. मांजर दोन दिवस पलंगाखालून निघाली नाही तर चालेल, पण दोन दिवस काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टर गाठायचा, कारण उपाशी मांजरीच्या यकृतावर चरबी साचून जिवावर बेततं. मांजरींची जितकी संख्या, त्याहून एक जास्त वाळूचा ट्रे ठेवायचा.

नंतरचे फोन

दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करा. 'सगळं ठीक ना?' विचारलं की 'हो' येतं. 'सध्या सगळ्यात त्रासाचं काय वाटतंय?' असं विचारलं की रात्रीचं भुंकणं, घरात शू, मुलाच्या हाताला धरलेला दात, हे बाहेर येतं, आणि त्यातलं बरंचसं फोनवरच सुटतं.

परत आणणाऱ्याला बोल लावू नका. तो पुढच्या वेळी परत न आणता रस्त्यावर सोडून देईल. एक कागद पुढे ठेवा आणि विचारा: कधी, कुठे, किती वेळा, त्याआधी काय घडलं होतं. हा कागद त्या प्राण्याच्या नोंदीला त्याच दिवशी जोडा, आणि नवा मजकूर त्यावरूनच लिहा.