डिस्क बदलली, पण मशीन मार्चमध्येच राहिलं

नोकरीचं पहिलं वर्ष चालू होतं. एका क्लायंटची ११ व्हर्च्युअल मशीन (खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं चालणारे आभासी कॉम्प्युटर) व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे ती चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर, न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतल्यापासून अशी स्थलांतरं बरीच निघाली, त्यातलंच हे एक. मला वाटलं, अशा मशीनची डिस्क म्हणजे शेवटी फाइलच, ती उचलायची, फॉरमॅट बदलायचा, झालं.

फॉरमॅटचं म्हणाल तर खरंच तेवढंच आहे. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, व्हीएमवेअरची व्हीएमडीके, हायपर-व्हीची व्हीएचडीएक्स आणि केव्हीएमची (प्रॉक्समॉक्सच्या पोटात हेच असतं) क्यूकाउ२, या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या डिस्क-फाइली क्यूईएमयू-आयएमजी या एकाच कमांडनं एकमेकींत बदलता येतात. एक मात्र लक्षात ठेवा: जुन्या व्हीएचडीला ही कमांड ‘व्हीपीसी’ म्हणते, कारण तो फॉरमॅट मुळात व्हर्च्युअल पीसी या प्रोग्रामचा. मी ‘व्हीएचडी’ लिहून अर्धा तास एररकडे बघत बसलो होतो.

खरी फजिती झाली ती अकाउंट्सच्या मशीनवर. ईएसएक्सआयवर (व्हीएमवेअरची सर्व्हरवरची प्रणाली) एका डिस्कच्या दोन फाइली असतात, एक छोटीशी मजकुराची आणि दुसरी ‘फ्लॅट’ नावाची, जिच्यात सगळा डेटा असतो. कमांडला छोटी दाखवायची, मोठी तिच्याच फोल्डरमध्ये हवी. एवढं मी वाचून गेलो होतो. रात्री कन्व्हर्ट केलं, मशीन उठलं, लॉगिन झालं, मी खुशीत घरी. सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: “अहो, मार्चनंतरची एकही एंट्री दिसत नाहीये!”

मार्चमध्ये कुणीतरी अपडेटआधी स्नॅपशॉट (गडबड झाली तर मागे जाता यावं म्हणून त्या क्षणाची स्थिती जपणं) घेतला होता आणि तो तसाच राहिला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल तिथेच गोठते. पुढचं सगळं लिखाण नावात ०००००१ असलेल्या वेगळ्या फाइलीत जातं. मी ती ‘काहीतरी टेम्पररी’ समजून सोडून दिली होती. जुनं मशीन नुसतं बंद केलं होतं, पुसलं नव्हतं, म्हणून निभावलं. त्यावरचे स्नॅपशॉट डिलीट केले (इथे डिलीट म्हणजे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळणं, नाव फसवं आहे), मशीन पुन्हा बंद केलं आणि नव्यानं कन्व्हर्ट केलं. मशीन चालू असताना डिस्क कॉपी करायचा मोह होतो, तो आवरा.

विंडोजची गोष्ट वेगळी. डिस्क व्हर्टआयओ कंट्रोलरला (व्हर्च्युअल मशीनसाठीचं खास आभासी हार्डवेअर) जोडली तर पहिल्याच बूटला निळा पडदा आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. ड्रायव्हर आधी टाकून ठेवला तरी विंडोज तो बूटच्या वेळी उचलेलच असं नाही. आमच्या सीनियर दादानं दाखवलेली युक्ती अशी: आधी डिस्क साटावर (नेहमीच्या डिस्क-जोडणीवर) जोडून मशीन उठवायचं, ड्रायव्हर टाकायचे, १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची. विंडोजनं ती ओळखली की मशीन बंद करून मुख्य डिस्कही तिकडे हलवायची.

सेंटओएसची (लिनक्सचा एक प्रकार) मशीन बूट होतानाच ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये अडकली, कारण तिथली इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल, ड्रॅकट ती बनवतं) फक्त जुन्या हार्डवेअरपुरती बनलेली असते. ग्रबमधल्या (लिनक्सचा बूट मेन्यू) रेस्क्यू पर्यायानं उठवून ती पुन्हा बनवली की काम होतं. आणखी एक, बायोसवर (मशीन सुरू करायची जुनी पद्धत) इन्स्टॉल झालेलं मशीन यूईएफआयवर (नवी पद्धत) लावू नका. डिस्क धडधाकट असूनही बूट होणार नाही.

मशीन उठलं आणि पिंग (नेटवर्कवरून मारलेली हाक) मात्र लागत नाही, असं झालं तर नेटवर्क कार्डाचं नाव बघा. आमच्याकडे ईएनएस१९२ चं ईएनएस१८ झालं होतं आणि आयपी जुन्या नावालाच चिकटलेला होता. नवीन पोरं इथे फायरवॉल उचकत बसतात. मीही बसलो होतो.

त्या अकाउंट्सच्या मॅडम अजूनही मी दिसलो की विचारतात, “आज कुठला महिना?”