पुण्याच्या थंडीत बेसिल कसं जगवावं?

पुण्यात बेसिल मरतं ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत, आणि खापर थंडीवर फुटतं. थंडीचा हात असतोच. झाड मुळात उष्ण प्रदेशातलं. पारा १० अंशांखाली उतरला की पानांवर काळे डाग पडू लागतात. पण माझी पहिली दोन रोपं गेली ती मी संध्याकाळी घातलेल्या पाण्यानं. रात्रभर गार, ओली माती, मग मुळं कुजली. पानं मलूल दिसली म्हणून वर आणखी तांब्याभर पाणी घातलं, ते वेगळंच!

पेरणी. बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळा सरण्याच्या सहा-आठ आठवडे आधी घरातच बी रुजवतात आणि गारठा गेल्यावर रोपं बाहेर काढतात. आपलं गणित उलटं. थंडी येण्याआधी रोप अंगानं भरलं पाहिजे. म्हणून गणपती उठले, पाऊस ओसरला की पेरा. ऑक्टोबरचं ऊन त्याला मानवतं.

वाण्याकडे मिळणारा सब्जा हे याच जातीचं बी. पेरला तर उगवतोही, पण पास्त्याला किंवा पेस्टोला हवा तो वास त्याला येईलच असं नाही. त्यासाठी जेनोव्हीज वाणाचं पाकीट घ्या. आठ-दहा इंचांची, तळाला भोकं असलेली कुंडी पुरते. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं खत. बी वर भुरभुरून अगदी पातळ माती पसरा. ओलं झाल्यावर बियांभोवती पांढुरका, बुळबुळीत थर दिसेल. ती बुरशी नव्हे; फालुद्यातला सब्जा फुगतो तोच प्रकार. पाच ते दहा दिवसांत कोंब येतात. दाटी झाली तर कमजोर रोपं काढून टाका, जीव कळवळला तरी.

खुडणी. रोपाला सहा-आठ पानं आली की शेंडा खुडा, पानांच्या जोडीच्या जरा वर. तिथून दोन फांद्या फुटतात. मंजिऱ्या दिसल्या की तुळशीच्या खुडतो तशाच खुडायच्या, नाहीतर नवी पानं कमी येतात आणि चवही उतरते.

जागा आणि पाणी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत ऊन जवळजवळ येतच नाही. कुंडी दक्षिणेला न्या. सहा तास ऊन मिळालं तर उत्तम. रात्री ती कठड्यावर नको, भिंतीला टेकवून ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडत राहते. पाषाण, एनडीएकडे राहणाऱ्यांनी जास्त जपावं, तिथे पारा शिवाजीनगरपेक्षाही खाली जातो. फारच गारठा असेल तर चार काठ्या रोवून वरून जुनी चादर टाका आणि सकाळी न विसरता काढा. प्लॅस्टिक पानांना चिकटतं, आत दमट होतं, म्हणून मी वापरत नाही.

पाणी सकाळी ऊन आल्यावर, तेही बोट पेरभर मातीत खुपसून कोरडं लागलं तरच. पाणी मातीला द्यायचं, पानांवर शिंपडायचं नाही. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खताचा मारा करू नका.

काढलेली पानं फ्रिजमध्ये ठेवाल तर दुसऱ्या दिवशी काळी पडलेली दिसतील. कुंडीत थंडी बाधते तशीच तिथेही. देठासकट फांद्या कापून ओट्यावर पाण्याच्या पेल्यात ठेवा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि पाणी रोज बदला. लागतील तशी पानं खुडत राहा. आठ-पंधरा दिवसांत त्यातल्या एक-दोन देठांना पांढरी मुळं फुटलेली दिसतील. बाहेरचं रोप गारठ्यानं गेलंच, तर हे देठ लहान कुंडीत लावा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा.